तारखेच्या आधीचा शब्द



दुपारची भांडी उरकली असतील. कुणी निवडायला ज्वारी घेऊन बसली असेल, कुणी शिवणयंत्रावर असेल, कुणी शेतात बांधावर रेडिओ ठेवून खुरपत असेल. हात चालू राहू द्या, कान तेवढा इकडे द्या. आज मी बचतीबद्दल बोलणार नाही आणि कर्जाबद्दलही थोडंच बोलणार आहे. आज बोलायचंय तारखेबद्दल आणि वेळेबद्दल. आपल्या हातात येणाऱ्या कागदांवर, पाकिटांवर आणि मोबाइलवर ती इंग्रजीत असते, त्या तारखेबद्दल.

आधी माझीच फजिती सांगते, म्हणजे मी शहाणी म्हणून बोलतेय असं कुणाला वाटायला नको.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गटाला मुंबईच्या एका प्रदर्शनात स्टॉल मिळाला होता. शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचे पापड, काळा मसाला असा सगळा मिळून चाळीस किलोचा माल होता. जाणाऱ्या आम्ही चौघी. तिकिटं काढायचं काम माझ्याकडे, कारण मी बीए झालेली आणि गटांची समन्वयक. कागदाचं काम आलं की सगळ्या माझ्याकडे बघतात. तिकिटावर तारीख होती १८ आणि वेळ होती ००.२५. म्हणजे रात्री बारा वाजून पंचवीस मिनिटांची गाडी. आम्ही अठरा तारखेला दिवसभर पॅकिंग केलं, संध्याकाळी जेवलो, टेम्पो केला आणि रात्री साडेदहाला स्टेशनवर पोचलो. दोन तास हातात आहेत म्हणून निवांत चहा घेतला.

गाडी आली. आमच्या डब्यात आमच्या जागांवर दुसरीच माणसं झोपलेली. टीसी आले, त्यांनी तिकीट पाहिलं आणि म्हणाले, "ताई, तुमची गाडी काल रात्रीच गेली."

मला पटेचना. तारीख अठरा, आज अठरा. मग त्यांनी समजावलं. रात्री बारा वाजले की तारीख बदलते. अठरा तारखेचे शून्य वाजून पंचवीस मिनिटं म्हणजे सतरा तारखेला रात्री जेवून निघायचं होतं. आता जी गाडी समोर उभी होती ती एकोणीस तारखेची.

पुढचं थोडक्यात सांगते. नवीन तिकिटं काढून पुढच्या गाडीच्या जनरल डब्यात दाराजवळ पोत्यांवर बसून आम्ही गेलो. पहिल्या दिवशी स्टॉल उघडायला दुपार झाली. तिकिटांचे पैसे मी माझ्या खिशातून भरले, गटातल्या कुणी मागितले नव्हते. पण बरोबरच्या आक्का, साठीच्या, चौथी शिकलेल्या, त्या डब्यात एवढंच म्हणाल्या, "अगं, तुझं शिकून असं होतंय, तर आमचं काय?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. परत आल्यावर आम्ही गटाच्या बैठकीत दर वेळी दहा मिनिटं तारीख-वेळेचे शब्द शिकायला सुरुवात केली. त्यातलंच थोडं आज तुमच्यापुढे मांडते.

माझी चूक इंग्रजी न आल्यामुळे झाली नाही. आकडे मला वाचता येत होते. चूक झाली ती दिवस केव्हा सुरू होतो या हिशेबाची. आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो. रात्री एक वाजता कुणाच्या घरी बाळ झालं तरी म्हातारी माणसं कालचाच वार धरतात. इंग्रजी दिवस मात्र मध्यरात्री बदलतो. म्हणून रात्री बारा ते पहाटेपर्यंतच्या गाडीचं तिकीट हातात आलं की तारखेतून एक दिवस वजा करायचा आणि त्या दिवशी रात्री जेवून घराबाहेर पडायचं. ही खूणगाठ बांधून ठेवा.

रेल्वे घड्याळाचे चोवीस तास मोजते. तेरापासून पुढचा आकडा दिसला की त्यातून बारा वजा करा. १७.४० म्हणजे सतरातून बारा गेले, उरले पाच, संध्याकाळचे पाच चाळीस. बाकी ठिकाणी, म्हणजे मोबाइलवर, दवाखान्याच्या पाटीवर, बँकेच्या दारावर एएम आणि पीएम असतं. एएम म्हणजे मध्यान्हीच्या आधी, पीएम म्हणजे मध्यान्हीनंतर. हे मुळात लॅटिन भाषेतले शब्द आहेत, इंग्रजांनाही ते बाहेरूनच आले, तेव्हा आपल्याला लगेच कळले नाहीत तर लाजायचं कारण नाही. गोंधळ होतो तो बाराचा. बारा पीएम म्हणजे दुपारचे बारा. बारा एएम म्हणजे मध्यरात्र. ऑनलाइन अर्जाची मुदत १५ तारीख, ११.५९ पीएम अशी लिहिलेली असते, म्हणजे पंधरा तारखेला रात्री बाराला एक मिनिट कमी असेपर्यंत. तेवढ्या वेळापर्यंत थांबू नका हा भाग वेगळा. शेवटच्या रात्री ती वेबसाइट फिरत बसते हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय.

आता सव्वा, साडे, पावणे. यात आपण इंग्रजांच्या पुढे आहोत. क्वार्टर म्हणजे पाव. हा शब्द आपल्या गावातल्या काही पुरुषांना फार आधीपासून पाठ आहे, पण तो वेगळ्या कारणाने. आपण तो तासाचा पाव म्हणून धरू, म्हणजे पंधरा मिनिटं. पास्ट म्हणजे होऊन गेलं, टू म्हणजे व्हायला कमी आहे. क्वार्टर पास्ट फोर म्हणजे सव्वाचार. हाफ पास्ट फोर म्हणजे साडेचार. क्वार्टर टू फोर म्हणजे पावणेचार. लक्षात घ्या, पावणेचारात आपण जसं पुढच्या चाराचं नाव घेतो तसंच तेही घेतात. दीड आणि अडीच हे शब्द मात्र त्यांच्याकडे नाहीत. ते बिचारे हाफ पास्ट वन आणि हाफ पास्ट टू म्हणतात.

आणि हाच पाव बँकेतही भेटतो. वर्षाचा पाव म्हणजे तीन महिने. म्हणून क्वार्टरली म्हणजे तिमाही. बचत खात्यावरचं व्याज क्वार्टरली जमा झालं म्हणजे दर तीन महिन्यांनी झालं. हाफ इयरली म्हणजे सहामाही. वीकली आठवड्याला, मंथली महिन्याला. फोर्टनाइट हा शब्द कधीतरी दिसतो, तो आपल्या पंधरवड्याचा भाऊ, फक्त त्यांचा पंधरवडा चौदा दिवसांचा असतो. बँकेचं वर्ष १ एप्रिलला सुरू होऊन ३१ मार्चला संपतं, हे गटाच्या सचिवांना सांगायला नको. मार्च महिना आला की बँकेतल्या साहेबांचा चेहराच सांगतो.

वारांची नावं आमच्या गटात सगळ्यात लवकर पाठ झाली, कारण ती मुळात आपल्याच ओळखीची निघाली. सन म्हणजे सूर्य, म्हणून संडे रविवार. मून म्हणजे चंद्र, सोम म्हणजेही चंद्र, म्हणून मंडे सोमवार. सॅटर्न म्हणजे शनी, म्हणून सॅटरडे शनिवार. ग्रह तेच, वार तेच. अडचण येते ट्यूजडे आणि थर्सडेची. फोनवर दोन्ही सारखेच ऐकू येतात. आमच्या गटातल्या एका ताईंनी युक्ती काढली. थर्सडेमधला थ म्हणजे थोर, आणि थोर कोण तर गुरू. थर्सडे गुरुवार. उरला तो ट्यूजडे मंगळवार, आमच्या बाजाराचा.

महिन्यांचंही तसंच आहे. सप्टेंबरमध्ये सप्त ऐकू येतं का? ऑक्टोबरमध्ये अष्ट, नोव्हेंबरमध्ये नव, डिसेंबरमध्ये दश? रोमन लोकांचं जुनं वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं, तेव्हा हे खरोखरच सातवा, आठवा, नववा आणि दहावा महिना होते. आपलं वर्षही चैत्रात, त्याच सुमाराला सुरू होतं. पुढे जानेवारी पहिला झाला आणि आकडे दोनाने सरकले, नावं तीच राहिली. म्हणून आता सप्टेंबर म्हणजे ०९ आणि डिसेंबर म्हणजे १२. तारीख आकड्यात लिहिलेली असते तेव्हा हे कामाला येतं.

शिक्क्यांवर महिन्याचं पहिल्या तीन अक्षरांत लघुरूप असतं. तिथे सांभाळा. जून आणि जुलैमध्ये फक्त शेवटचं अक्षर वेगळं, एन किंवा एल. मार्च आणि मे यांतही तसंच, आर किंवा वाय. पुसट शिक्का असेल तर उजेडात धरून तेच एक अक्षर बघायचं. घरात कॅलेंडर असतंच, त्यावर मराठी आणि इंग्रजी दोन्ही नावं छापलेली असतात. आम्ही त्याच्यावरच बोट ठेवून शिकलो, वेगळं पुस्तक घेतलं नाही.

आकडे ऐकताना थर्टीन आणि थर्टी, फोर्टीन आणि फोर्टी, फिफ्टीन आणि फिफ्टी यांत भल्याभल्यांची चूक होते. फोनवर कुणी म्हणालं, थर्टीनला या, तर सरळ विचारा, "एकावर तीन की तिनावर शून्य?" समोरचा वैतागला तरी चालेल. तेरा आणि तीसमध्ये सतरा दिवस आहेत.

एवढे शब्द एका महिन्यात पाठ होतात. मला वाटलं होतं, झालं, आता कुणाची चूक होणार नाही. पण चुका होतच राहिल्या. मग आम्ही एकेक कागद पुढ्यात घेऊन बघायला लागलो की चूक नेमकी कुठे होते. तेव्हा कळलं की तारीख सगळ्या बरोबर वाचतात, तिच्या आधीचा छोटा शब्द सोडून देतात. ऑन, बाय, बिफोर, फ्रॉम, विदिन. दोन-चार अक्षरांचे हे शब्द, पण कागदाचा सगळा अर्थ त्यांच्यात असतो.

आमच्या गटातल्या एका ताईंनी शेळ्यांसाठी एका फायनान्स कंपनीकडून कर्ज घेतलं होतं. कंपनीचं नाव घेत नाही. हप्ता पाच तारखेचा, खात्यातून आपोआप कापला जाणारा. मेसेज इंग्रजीत यायचा. ताईंना त्यातली पाच तारीख समजायची आणि त्या पाच तारखेलाच बँकेत जाऊन पैसे भरायच्या, दुपारी, दुधाचे पैसे हातात आल्यावर. तरी दर महिन्याला दंड. एकदा कंपनीचा, एकदा बँकेचा. ताई म्हणायच्या, मी तर तारखेलाच भरते. नवऱ्याला वाटायचं, ही पैसे दुसरीकडे खर्च करते आणि उशिरा भरते. त्यावरून घरात बोलाचाली झाली, तीन महिने ताई बैठकीला आल्या नाहीत.

मेसेज मी वाचला तेव्हा पहिल्या ओळीत होतं, ड्यू ऑन पाच. आणि शेवटच्या ओळीत होतं, खात्यात शिल्लक वन डे बिफोर ठेवा. एक दिवस आधी. कापणी पाच तारखेला सकाळीच व्हायची, तेव्हा खातं रिकामं असायचं. मग दुपारी ताई पैसे घेऊन जायच्या. म्हणजे ताई खरंच तारखेला भरत होत्या आणि कंपनीच्या हिशेबाने खरंच उशीर होत होता. एक बिफोर वाचला असता तर दंड आणि भांडण दोन्ही टळलं असतं. आता त्या चार तारखेला भरतात. चार तारखेला रविवार आला तर त्याच्याही आधी. आम्ही तो मेसेज त्यांच्या घरी जाऊन त्यांच्या नवऱ्यालाही वाचून दाखवला. मला विचाराल तर दंडापेक्षा ते महत्त्वाचं काम होतं.

तेव्हा एकेक शब्द बघू. ऑन म्हणजे त्याच दिवशी. बाय म्हणजे त्या दिवसापर्यंत, तो दिवस धरून. बाय टेन्थ म्हणजे दहा तारखेला भरलं तरी चालतं. बिफोर म्हणजे त्याच्या आधी. बिफोर टेन्थ असेल तर नऊ तारीख शेवटची. ऑन ऑर बिफोर असं जोडून असेल तर दहा तारीख चालते. टिल आणि अप टू म्हणजे पर्यंत. आफ्टर म्हणजे नंतर. ड्यू म्हणजे देणं झालेलं, आणि ओव्हरड्यू म्हणजे तारीख उलटून गेलेलं देणं. ओव्हरड्यू हा शब्द मेसेजमध्ये दिसला की हातातलं काम बाजूला ठेवा. गटाच्या बँक कर्जावर आपल्याला व्याजाची सवलत मिळते ती वेळेवर फेडणाऱ्यांनाच मिळते, हे तुम्हाला माहीत आहे.

लास्ट हा शब्द दुतोंडी आहे. लास्ट डेट म्हणजे शेवटची तारीख, ती पुढे यायची असते. लास्ट मंथ म्हणजे गेला महिना, तो होऊन गेलेला असतो. आपल्या परव्यासारखंच आहे हे. आपला परवा मागचाही असतो आणि पुढचाही. नेक्स्ट मंडेचंही तसंच, येता सोमवार की त्याच्या पुढचा, यावर दोन माणसांचं एकमत होत नाही. असं कुणी म्हणालं की वार सोडा, तारीख विचारा.

फ्रॉम म्हणजे पासून. तो दिसला की विचारायचं, कधीपासून? चेकवर जी तारीख लिहिलेली असते तिच्यापासून तीन महिने तो चालतो. तुम्हाला चेक केव्हा मिळाला, याला महत्त्व नाही. आमच्या एका गटाला फेब्रुवारीच्या तारखेचा चेक मे महिन्यात हातात मिळाला आणि गटाने तो पेटीत ठेवला, ठरावबुकाबरोबर, सुरक्षित म्हणून. पुढच्या बैठकीत बाहेर काढला तेव्हा तो नुसता कागद होता. चेक हातात आला की आधी तारीख बघा.

विदिन म्हणजे आत. बाळाच्या जन्माची नोंद विदिन ट्वेन्टी वन डेज, जन्मापासून एकवीस दिवसांच्या आत करायची असते. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ते लोक कळवतात, पण घरी झालं असेल तर ते घरच्यांचं काम. बारसं झाल्यावर जाऊ, नाव ठरल्यावर जाऊ, असं म्हणत दिवस जातात. नाव नंतर घालता येतं, नोंद आधी करा. वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत प्रकरण जातं आणि मग पोराच्या शाळेच्या वेळी धावपळ होते.

विदिन सेव्हन वर्किंग डेज असं असेल तर वर्किंग हा शब्द बघा. कामाचे दिवस. बँकेला रविवार सुट्टी, दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी, सणाची सुट्टी वेगळी. सात वर्किंग डेजचे कधी दहा दिवस होतात, दिवाळीत त्याहून जास्त. आठव्या दिवशी जाऊन भांडण्यात अर्थ नसतो, हे मी भांडून आल्यावर शिकले.

आता पाकिटं. आपल्यातल्या बऱ्याच जणी माल तयार करून विकतात. पाकिटावर माल बनवल्याची किंवा भरल्याची तारीख आणि एक्स्पायरी किंवा यूज बाय तारीख छापावी लागते. यूज बाय म्हणजे या तारखेपर्यंतच वापरा, पुढे खाऊ नका. बेस्ट बिफोर म्हणजे तोपर्यंत चव, वास, कुरकुरीतपणा चांगला राहील, ही मालाच्या प्रतीची गोष्ट झाली. आमच्या चटणीच्या पहिल्या लेबलवर आम्ही छापून घेतलं होतं, यूज विदिन थ्री मंथ्स फ्रॉम पॅकिंग. हजार लेबलं छापली. आणि पॅकिंगची तारीख टाकायला जागाच ठेवली नव्हती. तीन महिने कधीपासून? तालुक्याच्या दुकानदाराने सगळी पाकिटं परत केली, आणि खरं सांगायचं तर त्याचं काही चुकलं नाही. मग पोरांच्या शिक्क्याने प्रत्येक पाकिटावर तारखा मारत दोन दिवस गेले.

औषधाच्या पट्टीवर एक्स्पायरी बहुतेक महिना आणि वर्ष एवढीच असते. ०६/२०२७ असं असेल तर जून महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत ते औषध चालतं. पट्टीवरून गोळ्या कापून घेताना तारखेचा कोपरा कापला जातो, म्हणून उरलेल्या पट्टीची तारीख बघून घ्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीतही वेळेचे शब्द असतात. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, एचएस म्हणजे झोपताना, एसओएस म्हणजे गरज पडली तरच. बँकेतला टीडीएस वेगळा, तो कर कापण्याचा, त्याची गोळी नसते. चिठ्ठी समजली नाही तर औषधवाल्याला विचारून पाकिटावर पेनाने मराठीत लिहून घ्या.

शेवटची गोष्ट सांगते, ती मला सगळ्यात जास्त सांगायची आहे.

आमच्या भागातल्या एका वस्तीवर एक सून गरोदर होती. पहिलटकरीण, वय एकवीस. तिच्या माता-बाल संरक्षण कार्डावर एएनएम ताईंनी दोन तारखा लिहिल्या होत्या. एलएमपी, म्हणजे शेवटच्या पाळीचा पहिला दिवस. आणि ईडीडी. सासूबाईंना ईडीडी म्हणजे बाळंतपणाची तारीख एवढं माहीत होतं. त्यांनी ती कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवली होती. मायेनंच ठेवली होती, हे मी मुद्दाम सांगते. त्या दिवसासाठी गाडी सांगून ठेवली होती, मुलाने मालकाकडे सुट्टी मागून ठेवली होती, तूप कढवून ठेवलं होतं.

गोल केलेल्या तारखेच्या अकरा दिवस आधी रात्री सुनेच्या पोटात दुखायला लागलं. सासूबाई म्हणाल्या, अजून वेळ आहे, तारीख पुढे आहे, खाण्यात काहीतरी आलं असेल. ओवा दिला, पोट शेकलं. सून बोलली नाही, कारण कागदावर तारीख होती आणि कागद सरकारी होता. पहाटे पाणी गेलं तेव्हा शेजारणीने आशाताईंना उठवलं. आशाताईंनी १०८ ला फोन लावला आणि गाडी येईपर्यंत जवळ बसून राहिल्या. गाडीतच, दवाखान्याच्या फाटकापाशी बाळ झालं. दोघं बरी आहेत. मुलगी आहे, आता चालायला लागलीय.

मी नंतर भेटायला गेले तेव्हा सासूबाई कार्ड घेऊन आल्या आणि मला म्हणाल्या, "पोरी, मग ही तारीख त्यांनी लिहिली कशाला?"

ईडीडीमधला ई म्हणजे एक्स्पेक्टेड. अंदाजे, अपेक्षित. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून नऊ महिने आणि सात दिवस असा तो हिशेब धरतात, म्हणजे साधारण चाळीस आठवडे. पण नेमकं त्याच दिवशी बाळंत होणाऱ्या बाया फार थोड्या. सदतीस आठवडे पूर्ण झाले की केव्हाही होऊ शकतं, आणि त्याच्या आधी दुखायला लागलं तर जास्तच घाई करायची असते. दुखणं सुरू झालं, पाणी गेलं किंवा रक्त दिसलं की तारीख बघायची नाही, निघायचं. गाडी, पैसे, कपड्यांची पिशवी, सोबत येणारं माणूस, हे सगळं तारखेच्या तीन-चार आठवडे आधी तयार पाहिजे. आणि तारीख उलटून गेली, काहीच झालं नाही, तर तेही घरी बसून वाट बघण्यासारखं नाही. दवाखान्यात जाऊन दाखवायचं.

हे सगळं मी सासूबाईंना सांगितलं. त्या बराच वेळ कार्डाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "आम्ही पाळी चुकल्यावर बोटांवर महिने मोजायचो, तेव्हा नववा लागला की तयार राहायचो. तारीख लिहिली म्हणून निश्चिंत झाले." खरं बोलल्या त्या. त्यांचा जुना हिशेब चुकीचा नव्हता. त्यात अंदाज हा अंदाजच होता.

त्यानंतर आमच्या गटांत जिच्या घरी गरोदर बाई आहे तिने कार्ड बैठकीला आणायचं, असं आम्ही ठरवलंय. कॅलेंडरवर एका दिवसाला गोल करायचा नाही. सदतीस आठवडे जिथे पूर्ण होतात तिथून ईडीडीपर्यंतचे सगळे दिवस रंगवायचे. कुंकवानं रंगवा, खडूनं रंगवा. पट्टा दिसला पाहिजे. आशाताईंना बोलावून आठवडे मोजून घ्या, त्या आनंदाने येतात.

आणि हो, आक्कांचं सांगायचं राहिलं. त्या रात्रीच्या गाडीतल्या आक्का. गेल्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा प्रदर्शनाला गेलो. तिकीट आलं, वेळ ००.२५ च होती. मी काही बोलायच्या आत आक्कांनी तिकीट हातात घेतलं, चष्मा लावला, बोटाने तारीख चाचपली आणि म्हणाल्या, "बावीस लिहिलंय, म्हणजे एकवीसला भाकरी बांधायच्या." आम्ही गाडीच्या दीड तास आधी स्टेशनवर होतो. आक्कांनी टीसींना तिकीट दाखवून आधी तारीख विचारून घेतली, मगच बसल्या.

तुमच्या घरातला एखादा कागद, पाकीट किंवा मेसेज, ज्यावरची तारीख समजत नाही, तो तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीला घेऊन या. सचिव ताईंनी असे कागद आमच्याकडे पाठवले तर पुढच्या भागात त्यांतले काही वाचू, नाव न घेता. आपला पुढचा भाग येत्या गुरुवारी, म्हणजे थर्सडेला, दुपारी पावणेतीनला. क्वार्टर टू थ्री, पीएम.

नमस्कार.